सलग आठवड्यांची शर्यत : जव्हार-मोखाडा आणि मॅरेथॉनची पात्रता

मॅरेथॉन पूर्ण करणे आणि स्पर्धात्मक मॅरेथॉनसाठी पात्र ठरणे या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, आणि मोठ्या शहरांतील रस्त्यांवर दर हिवाळ्यात उसळणारी हजारोंची गर्दी पाहणाऱ्याच्या ते सहसा लक्षात येत नाही. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये प्रथम धावले गेलेले आणि १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ॲथलेटिक्स संघटनेने कायम केलेले ४२.१९५ किलोमीटरचे अंतर निरोगी माणूस काही महिन्यांच्या सरावानंतर पाच-सहा तासांत पार करू शकतो. पात्रतेसाठी मात्र हेच अंतर ठरवून दिलेल्या वेळेच्या आत, अधिकृतपणे मोजलेल्या मार्गावर आणि मान्यताप्राप्त शर्यतीत कापावे लागते. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकसाठी ही वेळ पुरुषांना २ तास १९ मिनिटे आणि स्त्रियांना २ तास ४५ मिनिटे होती. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकपर्यंत ती अनुक्रमे २ तास ८ मिनिटे १० सेकंद आणि २ तास २६ मिनिटे ५० सेकंद इतकी कठोर झाली. पॅरिसचा पुरुषांचा निकष गाठायचा तर प्रत्येक किलोमीटर सुमारे ३ मिनिटे २ सेकंदांत, म्हणजे ४०० मीटरच्या मैदानाची प्रत्येक फेरी साधारण ७३ सेकंदांत, आणि अशा एकशे पाच फेऱ्या न थांबता धावाव्या लागतात. हौशी धावपटूंनाही पात्रता चुकत नाही : १८९७ पासून चालत आलेल्या बोस्टन मॅरेथॉनने २०२६ च्या शर्यतीसाठी ३५ वर्षांखालील पुरुषांना २ तास ५५ मिनिटांची आणि स्त्रियांना ३ तास २५ मिनिटांची अट घातली होती.

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांच्या संदर्भात हा विषय मांडण्याचे कारण असे की, डोंगराळ भागात वाढलेल्या आदिवासी मुलांमध्ये लांब पल्ल्याची धाव उपजतच असते, त्यांना फक्त संधी मिळण्याचा अवकाश आहे, असा एक समज महाराष्ट्रात रूढ आहे आणि या समजाला बळ देणारे एक ठसठशीत उदाहरण याच पट्ट्याच्या शेजारी घडले आहे. नाशिक जिल्ह्यातील हरसूलजवळच्या सावरपाडा या लहान वस्तीतून आलेल्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले, त्याच वर्षी ग्वांगझू येथील आशियाई स्पर्धेत ३१ मिनिटे ५१.४४ सेकंदांची वेळ देऊन रौप्यपदक मिळवले आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतील मॅरेथॉन २ तास ३८ मिनिटे ३८ सेकंदांत जिंकून रिओची पात्रता गाठली. हरसूल, जव्हार, मोखाडा, त्र्यंबक हा सगळा प्रदेश भूगोलाने आणि शेतीने एकच आहे : तीच नागली-वरईची उतारावरची वरकस जमीन, तीच भाताची खाचरे, डोंगरांच्या कुशीत विखुरलेले तेच पाडे आणि पावसाळा संपला की आटणारे तेच पाणी. तरीही या प्रदेशातून कविता राऊत यांच्या तोडीचे धावपटू रांगेने पुढे आले नाहीत, आणि याचे उत्तर मुलांच्या फुप्फुसांत शोधण्यापेक्षा त्यांच्या घरच्या वर्षाच्या आखणीत शोधणे अधिक योग्य ठरते.

लांब पल्ल्याच्या धावेची क्षमता मुख्यत्वे तीन गोष्टींवर अवलंबून असते. शरीर एका मिनिटात जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, ही पहिली गोष्ट. तिला कमाल प्राणवायू-ग्रहणक्षमता म्हणतात. या क्षमतेचा किती मोठा हिस्सा थकवा न येता तास-दोन तास वापरता येतो, ही दुसरी. वेग वाढवत नेला की एका टप्प्यानंतर रक्तातील लॅक्टेट हा पदार्थ झपाट्याने साठू लागतो, त्या टप्प्याला लॅक्टेटचा उंबरठा म्हणतात आणि सरावाने तो अधिकाधिक वेगाकडे सरकवता येतो. ठरावीक वेगाने धावताना शरीर किती कमी प्राणवायू खर्च करते, म्हणजे धावेची काटकसर, ही तिसरी. लहानपणापासून डोंगर चढणाऱ्या, शाळेसाठी, पाण्यासाठी आणि सरपणासाठी दूरवर चालणाऱ्या मुलांना या तिन्ही बाबतींत सुरुवात चांगली मिळते, हे केनिया आणि इथिओपियातील धावपटूंच्या अभ्यासांवरूनही दिसते. परंतु त्या देशांतील धावपटूही बालपणीच्या पायपिटीच्या आधारावर जगज्जेते झालेले नाहीत, त्यांनी तरुणपणाची अनेक वर्षे सराव-शिबिरांत काढलेली आहेत.

जव्हारच्या उंचीविषयीही थोडे स्पष्टीकरण आवश्यक आहे. विरळ हवेत राहिल्याने शरीर अधिक तांबड्या पेशी तयार करते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता वाढते, हे खरे असले तरी हा परिणाम साधारण १,८०० ते २,५०० मीटर उंचीवर काही आठवडे राहिल्यावरच दिसतो, आणि म्हणूनच केनियाचे धावपटू सुमारे २,४०० मीटर उंचीवरील इटेन येथे, तर भारतीय धावपटू उटीसारख्या ठिकाणी सराव करतात. जव्हारचे पठार समुद्रसपाटीपासून जेमतेम साडेचारशे मीटर उंच आहे. तेथील हवा रक्तावर असा कोणताही परिणाम घडवत नाही. या भूमीचा खरा उपयोग तिच्या चढ-उतारांत आहे. मोखाड्याकडून त्र्यंबककडे जाणारा तोरंगण घाट किंवा खोडाळ्याहून सूर्यमाळकडे चढणारा रस्ता यांसारख्या चढणींवर नियमित धावल्याने मांड्या, पोटऱ्या आणि कंबरेचे स्नायू बळकट होतात, पाऊल जमिनीवर कमी वेळ टेकते आणि धावेची काटकसर सुधारते. शिवाय किनाऱ्याच्या तुलनेत येथील पहाट थंड असल्यामुळे लांब पल्ल्याचा सराव कमी त्रासात होतो. उतारावरची धाव मात्र गुडघ्यांवर आणि नडगीच्या हाडांवर मोठा भार टाकते, त्यामुळे प्रत्येक दिवस घाटात घालवणारा धावपटू लवकर जायबंदी होतो आणि त्याला आठवड्यातील बहुतेक अंतर सपाट माळावर किंवा मातीच्या पायवाटेवर संथ गतीने कापणे भाग असते.

पात्रतेचा सराव साधारण २० ते २४ आठवड्यांच्या चक्रात बांधला जातो. पहिल्या दोन-अडीच महिन्यांत केवळ संथ धाव असते आणि आठवड्याचे एकूण अंतर हळूहळू वाढवत नेले जाते. या काळात हृदयाची एका ठोक्यात रक्त फेकण्याची शक्ती वाढते आणि स्नायूंमध्ये सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे जाळे दाट होते. त्यानंतरच्या आठ ते दहा आठवड्यांत सरावाचा खरा भार येतो. आठवड्यातून एकदा ३० ते ३५ किलोमीटरची लांब धाव, एकदा लॅक्टेटच्या उंबरठ्याच्या वेगाने पाऊण तासापर्यंत चालणारी टेम्पो धाव आणि एकदा ठरावीक अंतराच्या वेगवान धावा मध्ये थोडी विश्रांती घेत पुन्हा पुन्हा करण्याचा इंटरव्हलचा सराव, असा हा क्रम असतो, आणि उरलेले दिवस पुन्हा संथ धावेचे असतात, कारण एकूण अंतराचा सुमारे चार-पंचमांश भाग संथ असल्याखेरीज शरीर वेगवान भागाचा ताण पचवू शकत नाही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत अंतर कमी करून शरीराला पूर्ण विश्रांती दिली जाते. राष्ट्रीय दर्जाचा धावपटू भरात असताना आठवड्याला १५० किलोमीटरच्याही पुढे जातो. पात्रतेच्या पहिल्या पायऱ्यांवरील तरुणालाही शंभर-सव्वाशे किलोमीटर धावावेच लागतात. या सर्व क्रमाचा प्राण सातत्यात आहे. तीन आठवडे धाव पूर्ण थांबली तर प्राणवायू-ग्रहणक्षमता काही टक्क्यांनी घसरते, आणि मॅरेथॉनच्या वेळेत काही टक्के म्हणजे पाच ते दहा मिनिटे असतात.

आता हे चक्र जव्हार-मोखाड्याच्या वर्षावर ठेवून पाहिले तर अडचण कोठे आहे ते कळते. जूनमध्ये पेरणी, जुलैत भाताची आवणी, त्यामागोमाग उतारावर नागली-वरईची लावणी, ऑक्टोबरपासून कापणी आणि झोडणी, आणि दिवाळी झाली की कुटुंबेच्या कुटुंबे वसई, भिवंडी, ठाणे, नाशिककडे वीटभट्ट्यांवर, बांधकामांवर आणि मळ्यांत निघतात; या भागात त्याला जगायला जाणे म्हणतात. होळीला माणसे घरी येतात, पुष्कळजण पुन्हा जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. भारतातील मॅरेथॉनचा हंगाम नेमका याच स्थलांतराच्या काळात येतो, कारण थंडीखेरीज येथे हे अंतर वेगाने धावणे शक्य नाही. २०११ मध्ये सुरू झालेली आणि पालघर जिल्ह्यातच होणारी वसई-विरार मॅरेथॉन डिसेंबरमध्ये असते, म्हणजे तिच्या सरावाचा सर्वांत जड भाग ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या कापणीत येतो; २००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे तिचा जड भाग दिवाळीनंतरच्या पहिल्या सात-आठ आठवड्यांत येतो; आणि फेब्रुवारीत होणाऱ्या दिल्लीच्या मॅरेथॉनची तयारी पूर्णपणे भट्टीवरच्या दिवसांत सापडते. पहाटे अंधारातच विटा थापायला बसणाऱ्या आणि दिवसभर माती-पाणी वाहणाऱ्या तरुणाचे शरीर निश्चितच कणखर होते, पण हे कष्ट धावेच्या सरावाची जागा घेत नाहीत; उलट ते झोप आणि स्नायूंमधील साठवलेली शर्करा दोन्ही खाऊन टाकतात आणि सरावानंतर शरीराची जी दुरुस्ती व्हायची ती होऊ देत नाहीत.

अन्नाचा हिशोब याहून बोलका आहे. धावताना माणूस शरीराच्या प्रत्येक किलोमागे दर किलोमीटरला साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च करतो. पन्नास किलो वजनाच्या मुलीने आठवड्याला १२० किलोमीटर धावायचे ठरवले तर तिला केवळ धावण्यासाठी आठवड्याला सुमारे ६,००० आणि दिवसाला सुमारे ८५० किलोकॅलरी जास्त लागतात. शंभर ग्रॅम तांदळातून साधारण ३५० किलोकॅलरी मिळतात, म्हणजे ही वाढीव गरज धान्यानेच भागवायची तर रोज पाव किलो आणि महिन्याला साडेसात किलोच्या आसपास धान्य तिला इतरांपेक्षा अधिक हवे. २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यानुसार प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी महिन्याला पाच किलो धान्य मिळते. एका धावणाऱ्या मुलीची वाढीव भूकच एका माणसाच्या शिध्याहून दीडपट आहे, हे लक्षात घेतल्यावर आहाराची सोय न करता सरावाचे वेळापत्रक हाती देणे किती अन्यायाचे आहे ते सांगावे लागत नाही. बालकांच्या मृत्यूंमुळे १९९२-९३ मध्ये ज्या जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीचे नाव देशभर गेले, त्या तालुक्यात तर हा हिशोब सर्वांत आधी मांडला गेला पाहिजे.

सुदैवाने या मातीत पिकणारे धान्य धावपटूसाठी उत्तम आहे. नागलीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते, म्हणजे इतर कोणत्याही नेहमीच्या तृणधान्यापेक्षा कितीतरी अधिक, आणि नडगीच्या हाडावर रोज हजारो आघात घेणाऱ्या धावपटूला त्याची गरज असते. नागलीत लोहही आहे, पण फायटेट या घटकामुळे ते आतड्यातून कमी शोषले जाते. नागली भिजवून मोड आणली किंवा आंबवून तिची आंबील केली, सोबत लिंबू-आवळ्यासारखे आंबट खाल्ले आणि जेवणाला लागून चहा टाळला की हे शोषण सुधारते. उडीद, तूर, सुकट-बोंबील, अंडी यांतून प्रथिने मिळू शकतात. लांब धावेनंतरच्या पहिल्या तासा-दोन तासांत पोटभर भात-डाळ मिळणे हे महागड्या पावडरींपेक्षा अधिक मोलाचे आहे. शर्यतीच्या दिवशी मात्र वेगळी तरतूद लागते, कारण स्नायू आणि यकृत यांत साठलेली शर्करा, म्हणजे ग्लायकोजेन, साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते आणि ती संपली की वेग एकाएकी कोसळतो. म्हणून धावपटू आदल्या दोन दिवसांत भात-बटाट्यासारखे पिष्टमय अन्न वाढवतात आणि धावताना दर तासाला ३० ते ६० ग्रॅम शर्करा पेयातून घेतात. हे पिणेसुद्धा सरावाने जमवावे लागते, अन्यथा वेगात असताना पोट ते स्वीकारत नाही.

या भागात सरावाच्याही आधी करायची एक गोष्ट आहे : रक्ताची तपासणी. प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन कमी असेल तर कोणताही प्रशिक्षक वेळ सुधारू शकत नाही, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या होत्या. लांब धाव आणि पाळी यांमुळे लोहाची झीज आणखी वाढते, म्हणून मुलींची तपासणी दर काही महिन्यांनी व्हायला हवी. याहून गंभीर बाब सिकलसेलची. महाराष्ट्रातील आदिवासी समाजांत आढळणाऱ्या या आनुवंशिक दोषात तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात; ज्याला दोन्ही पालकांकडून हा दोष मिळतो त्याला आजार होतो, आणि ज्याला एकाच पालकाकडून मिळतो तो वाहक असतो व एरवी पूर्णपणे निरोगी दिसतो. वाहक व्यक्ती खेळू शकते, धावू शकते, परंतु कडक उन्हात, पाणी न पिता, विश्रांतीशिवाय जिवापाड वेगात धावल्यास तिच्या स्नायूंची गंभीर हानी होऊ शकते आणि क्वचित प्राणही जाऊ शकतो. जुलै २०२३ पासून देशात सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे आणि तपासणी शासकीय दवाखान्यांत होते; तरीही मुलांना धावायला लावणाऱ्या प्रत्येकाने ही माहिती आधी मिळवणे बंधनकारक मानले पाहिजे. वाहकाला वगळण्याची काहीच गरज नाही. त्याला पाणी, सावली आणि हळूहळू वाढणारा सराव मिळाला म्हणजे झाले. मोखाड्यात तेही सोपे नाही, कारण मुंबईला पाणी पुरवणारे मध्य वैतरणा धरण ज्या तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते.

पात्रतेची वेळ कोठे नोंदली जाते, यालाही महत्त्व आहे. गावच्या यात्रेतील किंवा घाटरस्त्यावरील शर्यतीत मिळालेली वेळ कितीही चांगली असली तरी ती गणली जात नाही. प्रमाणित मार्ग विशेष उपकरण बसवलेल्या सायकलने मोजलेला असावा लागतो आणि वेळ अधिकृतपणे नोंदलेली असावी लागते. याचा अर्थ या भागातील धावपटूला प्रवास, नोंदणी-शुल्क आणि आदल्या रात्रीचा मुक्काम यांचा खर्च पेलल्याशिवाय पात्रतेच्या दारापर्यंतही जाता येत नाही.

शेतकऱ्यांच्या मुलांनी हे अंतर धावण्याची परंपरा महाराष्ट्राला नवी नाही. पहिल्या महायुद्धानंतर पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांत अनवाणी धावणारी खेड्यातील मुले पाहून दोराबजी टाटा प्रभावित झाले आणि त्यातून १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतीय चमू गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. अँटवर्पचा मॅरेथॉन-मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत लांब होता, आणि चौगुले यांनी तो २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत पार करून एकोणिसावा क्रमांक मिळवला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, आजचे बूट आणि आजचे प्रशिक्षण नसताना, त्यांनी किलोमीटरला चार मिनिटांहून किंचित कमी वेळ घेतला. त्यांच्याबरोबर त्याच शर्यतीत उतरलेले सदाशिव दातार ती पूर्ण करू शकले नाहीत. गुण ओळखून मुलांना मोठ्या शर्यतीपर्यंत नेण्याची कल्पना तेव्हाच सुचली होती; त्या मुलांना आठ-दहा वर्षे सांभाळणारी व्यवस्था मात्र उभी राहिली नाही.

कविता राऊत यांच्या वाटचालीत हा सांभाळ दिसतो. नाशिकमध्ये प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांच्या देखरेखीखाली त्यांचा सराव वर्षानुवर्षे चालू राहिला, आधी लहान अंतरे, मग ५,००० आणि १०,००० मीटर, मग अर्धमॅरेथॉन असा क्रम पाळला गेला, आणि १९८५ मध्ये जन्मलेल्या या धावपटूने मॅरेथॉनची ऑलिंपिक पात्रता गाठली तेव्हा त्या तिशीत होत्या. रिओमध्ये त्यांना २ तास ५९ मिनिटे २९ सेकंद लागले आणि १२० वा क्रमांक मिळाला. पात्र ठरल्यानंतरही या अंतरात किती कठीण काम उरते, याची त्यातून कल्पना येते. चौदाव्या-पंधराव्या वर्षी गुण दिसलेल्या मुलामुलीला थेट मॅरेथॉनमध्ये उतरवणे म्हणूनच घातक आहे. वाढत्या हाडांना ते झेपत नाही, आणि बक्षिसाच्या रकमेसाठी दर रविवारी वेगवेगळ्या शहरांत धावणारी मुले विशीतच संपून जातात.

जव्हार-मोखाड्यात अशा दीर्घ सांभाळासाठी लागणारी चौकट काही प्रमाणात तयार आहे. जव्हारच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाखाली शासकीय आणि अनुदानित आश्रमशाळा आहेत, त्यांच्या प्रकल्प, विभाग आणि राज्य पातळीवर क्रीडास्पर्धा होतात, आणि आश्रमशाळा निवासी असल्यामुळे आईवडील दिवाळीनंतर गावी नसतानाही मुलांचा सराव चालू राहू शकतो. खंड पडतो तो शाळा संपल्यावर. दहावी-बारावीनंतरचा तरुण नेमका ज्या वयात दर आठवड्याचे अंतर वाढवायला हवे त्याच वयात कुटुंबाबरोबर कामाला जातो, आणि चार पावसाळ्यांत त्याची शाळेतली सर्व कमाई विरून जाते. अठरा ते चोवीस या सहा वर्षांसाठी दहा-पंधरा निवडक धावपटूंना तालुक्याच्या ठिकाणी राहण्याची जागा, दोन वेळचे भरपूर जेवण, वर्षातून तीन-चार वेळा रक्ततपासणी, पूर्णवेळ प्रशिक्षक आणि घरी पाठवता येईल एवढी मासिक शिष्यवृत्ती देणे, एवढी ही मागणी आहे. शिष्यवृत्तीची रक्कम भट्टीवर दिवाळी ते पावसाळा या काळात मिळणाऱ्या उचलीपेक्षा कमी असेल तर कुटुंब मुलाला मागे ठेवू शकणार नाही, आणि त्याबद्दल त्या कुटुंबाला दोष देण्याचा अधिकार कोणालाही नाही. अशी सोय झाल्यास डिसेंबरमधल्या वसई-विरारच्या अर्धमॅरेथॉनपासून सुरुवात करून तीन-चार हंगामांनी पूर्ण अंतराकडे जाण्याचा क्रम जिल्ह्याबाहेर न पडताही आखता येतो. पहिली निवड आश्रमशाळांच्या स्पर्धांतून करावी, आणि ती आवणी उरकल्यावर, ऑगस्टच्या अखेरीस, म्हणजे कापणीपूर्वीचे पहिले सहा आठवडे संथ धावेसाठी मिळतील.